ग्वादालुपे व्हॅलीची खाणं-वाईन ट्रिप: कागदांपासून परतीच्या रांगेपर्यंत, क्रमाने

सॅन डिएगो, ऑरेंज काउंटी, एल.ए. कडची बरीच मराठी जोडपी लाँग वीकेंड आला की बॉर्डरपलीकडे बाहा कॅलिफोर्नियातल्या ग्वादालुपे व्हॅलीत जायचं ठरवतात आणि बहुतेकजण एकाच ठिकाणी चुकतात. आधी हॉटेल बुक, मग वायनरींची ही लांबलचक यादी, आणि निघायच्या आदल्या रात्री पासपोर्ट कुठाय, व्हिसा चालेल का, गाडीचा इन्शुरन्स तिकडे लागतो का असले प्रश्न सुरू. क्रम नेमका उलटा पाहिजे. आधी परत कसं यायचं, मग कागद, मग गाडी, मग जेवणाची टेबलं आणि सगळ्यात शेवटी वायनरी. वायनरीचं टेन्शनच नसतं, शंभराच्या वर आहेत, एक नाही तर दुसरी मिळते. खाली हाच क्रम धरलाय आणि दोन रात्रींचा मुक्काम धरलाय. एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग अर्धा दिवस गाडीतच जातो आणि एकजण दिवसभर पाणी पीत बसतो, त्यात काही मजा नाही.

१. आधी परतीची वेळ आणि नाका ठरवा

जाताना बॉर्डर दहा-पंधरा मिनिटांत पार होते, म्हणून लोकांना वाटतं येतानाही तसंच असेल. तसं नसतं. रविवारी दुपारनंतर सान इसिद्रोला गाडीने परत यायला दोन-तीन तास लागणं नेहमीचंच, लाँग वीकेंडला त्याहून जास्त. सोमवारी पहाटे जाऊ म्हणाल तर तेव्हा तिहुआनातून सॅन डिएगोला कामावर जाणाऱ्यांची गर्दी.

गुरुवारची सुट्टी टाकता येत असेल तर गुरुवारी जा आणि शनिवारी सकाळी परत या, हे सगळ्यात सुखाचं. शुक्रवार-शनिवारच मुक्काम जमणार असेल तर रविवारी नाश्ता करून सरळ निघायचं, दुपारच्या जेवणाचा बेत ठेवायचा नाही. आणि सोमवार-मंगळवार स्वस्त पडतो म्हणून जाऊ नका, आठवड्याच्या सुरवातीला तिथली जेवणाची चांगली ठिकाणं बरीचशी बंद असतात.

नाके तीन लक्षात ठेवा. सान इसिद्रो सगळ्यात मोठा आणि चोवीस तास चालू. ओताय मेसा थोडा पूर्वेला, कधी कधी रांग कमी असते. तेकाते छोटं गाव आहे, व्हॅलीतून हायवे ३ ने साधारण ७५ किलोमीटर, पण तो नाका रात्रभर उघडा नसतो, त्यामुळे त्या आठवड्याच्या वेळा बघूनच तिकडे वळा. शिवाय तो रस्ता डोंगरातला, दोन लेनचा आहे, अंधारात नको.

तपासून बघा: अमेरिकन कस्टम्सचं बॉर्डर वेट टाइम्सचं अ‍ॅप आत्ताच फोनवर घ्या आणि आधीच्या आठवड्यात तुमच्या परतीच्या वारी, त्याच वेळी उघडून बघा. किती रांग असते याचा अंदाज तिथेच येतो.

२. कागद: इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

मेक्सिकोचा नियम भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी तसा सोपा आहे. ग्रीन कार्ड असेल किंवा पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. चालू म्हणजे पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टॅम्पवरची तारीख संपलेली नसणे. आय-७९७ (अमेरिकेत स्टेटस मंजूर झाल्याचा कागद) अ‍ॅप्रूव्हल चालू आहे म्हणून चालत नाही, मेक्सिकोला त्या कागदाशी देणंघेणं नाही.

आता गोंधळ कुठे होतो बघा. एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्याचा स्टॅम्प संपलाय, एक्स्टेन्शन इथेच झालंय, इंडियाला जाणं झालेलं नाही, आणि कोणीतरी मित्र सांगतो की अरे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन असतं, मेक्सिकोत ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर चालू आय-९४ वर (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येतं त्याची नोंद) परत येता येतं. बरोबर आहे, पण ते अमेरिकेत परत येण्यापुरतं. मेक्सिकोत शिरताना तुमच्याकडे चालू अमेरिकन व्हिसा नाहीये, त्यामुळे मेक्सिकोचा व्हिसा काढावाच लागतो, त्यांच्या कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट घेऊन. दोन देशांचे दोन वेगळे नियम आहेत, एक पाळला म्हणून दुसरा सुटत नाही. आणि या प्रकारात तिकडे गेल्यावर अमेरिकन व्हिसासाठी अर्ज करायचा नाही, केला की ती सवलत गेली. नियम बदलत असतात, तेव्हा स्टॅम्प संपलेला असेल तर ऑफिसच्या वकिलाला एक ईमेल टाकून मगच हॉटेल बुक करा.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर कॉलेजने दिलेल्या आय-२० वर प्रवासाची सही ताजी आहे का बघा. ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असेल आणि तुम्ही एच किंवा एल स्टेटसवर नसाल तर अ‍ॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय बॉर्डर ओलांडू नका, अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. एका वाईनच्या ग्लासासाठी हे परवडणारं नाही. नवरा-बायकोचे कागद वेगवेगळे तपासा, एकाचं सगळं ठीक आणि दुसऱ्याचा स्टॅम्प मागच्याच महिन्यात संपलेला, असं सर्रास होतं.

तपासून बघा: दोघांचे पासपोर्ट, व्हिसाच्या तारखा, आय-९४ चं ताजं प्रिंट, ग्रीन कार्ड असेल तर ते खरं कार्ड. फोनमधला फोटो चालत नाही.

३. गाडी, इन्शुरन्स, आणि चालवणार कोण

अमेरिकेतला गाडीचा इन्शुरन्स मेक्सिकोत कायद्याने धरत नाहीत. मेक्सिकन लायबिलिटी पॉलिसी लागते, ती ऑनलाइन दिवसाच्या हिशोबाने मिळते, घरून काढा आणि कागदावर प्रिंट ठेवा कारण अपघात झाला तर तुम्ही भरपाई देऊ शकता हे जागेवर दाखवावं लागतं, नाहीतर प्रकरण मिटेपर्यंत पोलीस थांबवून ठेवू शकतात. कायदेशीर मदतीचं कलम त्यात आहे ना, तेवढं वाचा. बाहामध्ये गाडीचा तात्पुरता इम्पोर्ट परमिट लागत नाही, त्यामुळे त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

गाडी भाड्याची असेल तर कंपनीची लेखी परवानगी पाहिजे, बऱ्याच कंपन्या देतच नाहीत.

आता पिण्याचं. दोघंच असलात तर हा विषय घरीच मिटवा. टेस्टिंगला बसल्यावर "मी फक्त चव घेतो" हे वाक्य येतंच, आणि चार वायनरींची फक्त चव मिळून चांगले तीन-चार ग्लास होतात. दारूच्या तपासणीसाठी नाकाबंदी असते, रस्त्यांवर रात्री दिवे नसतात, आणि वायनरीकडे जाणारे रस्ते बरेचसे मातीचे, खड्ड्यांचे. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मधल्या पूर्ण दिवसासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवायची, एन्सेनादा किंवा तिहुआनातून मिळते, मुक्कामाच्या ठिकाणीही सांगितलं तर बघून देतात. दुसरा, एक दिवस एकाने प्यायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. आम्ही पहिला मार्ग घेतो. पैसे जातात, पण भांडण होत नाही.

सावधान: उबरने व्हॅलीत पोचता येतं, तिथून निघता येत नाही. सिग्नल अनेक ठिकाणी पडतो आणि परतीला गाडी मिळेलच असं नाही. जाताना ज्याने सोडलं त्याच्याशीच परतीची वेळ ठरवून घ्या किंवा त्या भानगडीतच पडू नका.

गाडीतून काय न्यायचं नाही: बंदूक सोडाच, डिकीत विसरलेली एखादी गोळीसुद्धा चालत नाही, थेट तुरुंगाचं प्रकरण होतं. व्हेपही घरी ठेवा, मेक्सिकोत त्यावर बंदी आहे.

४. टेबलं आधी, वायनरी नंतर

या व्हॅलीत जाण्याचं अर्धं कारण जेवण आहे, वाईनइतकंच, किंवा खरं सांगायचं तर थोडं जास्तच. रेस्टॉरंटना स्टार देणारं मिशलिन गाईड मेक्सिकोत पहिल्यांदा २०२४ मध्ये आलं तेव्हा इथल्या अ‍ॅनिमालोन, दामियाना आणि कोन्चास दे पिएद्रा यांना एकेक स्टार मिळाला, डेकमन्सला ग्रीन स्टार मिळाला, तेव्हापासून शनिवारचं टेबल आयत्यावेळी मिळेल ही आशा सोडा. फाउना, डेकमन्स, अ‍ॅनिमालोन यातलं एक ठरवा, आणि एकच ठरवा. अशी दोन जेवणं एका दिवसात बसत नाहीत, दुसऱ्याला तुम्ही नुसते प्लेटकडे बघत बसाल.

दुपारचं बुकिंग घ्या, दोन-अडीचचं. मेक्सिकोत मोठं जेवण दुपारीच असतं, उजेडात परतता येतं, आणि डेकमन्ससारखी जागा सगळी उघड्यावर लाकडाच्या आगीवर चालते, ती दिवसाच बघण्यासारखी. रात्री मुक्कामीच चीज-ब्रेड-ऑलिव्ह घेऊन बसा, पुरतं.

सकाळचा नाश्ता ला कोसिना दे दोन्या एस्तेला इथे. माचाका म्हणजे वाळवलेलं बीफ अंड्यात परतून देतात आणि मक्याचे पॅनकेक मिळतात. वीकेंडला उशिरा गेलात तर बाहेर उभं राहावं लागतं, लवकर पोचा. बीफ खात नसाल तर पॅनकेक, अंडी आणि ताजं चीज यावर पोट भरतं.

टेबल पक्कं झालं की मगच नकाशा उघडा आणि त्या टेबलाच्या आसपासच्या वायनरी निवडा. व्हॅली लांबट आहे. एन्सेनादाकडून शिरताना आधी सान अँतोनियो दे लास मिनास लागतं, तिथे कासा दे पिएद्रा, लिसेआगा वगैरे, डेकमन्सही त्याच बाजूला. पुढे फ्रान्सिस्को सार्को आणि एल पोर्वेनिरच्या बाजूला मोंते झानिक, अदोबे ग्वादालुपे, लास नूबेस, आणि अजून पुढे एल.ए. चेत्तो. एका टोकाची वायनरी, दुसऱ्या टोकाचं जेवण, परत पहिल्या टोकाला वायनरी, असं केलं की दिवसभर धूळ खाल्लीत समजा.

दिवसाला दोन वायनरी, फार तर तीन. त्यात एक मोठी, एक छोटी घ्या. नाशिकला सुलाला जाऊन आलेल्यांना एकाच ठिकाणी सगळं, टूर, टेस्टिंग, रेस्टॉरंट, अशी सवय असते. इथे तसं चेत्तोसारख्या मोठ्या ठिकाणीच, बाकी अनेक ठिकाणी अंगणात चार टेबलं आणि ओतायला स्वतः वाईन करणारा माणूस. त्यालाच प्रश्न विचारायची मजा आहे. वेना कावा वायनरीची इमारत जुन्या बोटींचे सांगाडे उलटे घालून छप्पर केलेली आहे, ती मला आवडते. छोट्या ठिकाणी बुकिंगशिवाय जाऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला की बहुतेकजण उत्तर देतात.

सावधान: जुलै-ऑगस्टमध्ये वेन्दिमिया म्हणजे द्राक्षतोडणीचा उत्सव असतो. वातावरण छान असतं पण खोल्यांचे दर चढतात, हायवे ३ तुंबतो आणि ऊनही कडक. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे धरा. कधीही गेलात तरी रात्रीसाठी जॅकेट न्या, उन्हाळ्यातही संध्याकाळी गारठा पडतो.

५. जायचा दिवस

सकाळी निघा. पेसो थोडे आधीच घेऊन ठेवा, टोल आणि टाकोच्या गाड्यांना रोख लागते. एटीएमवर मशीन विचारतं की डॉलरमध्ये हिशोब करू का, तिथे नाही म्हणा, त्यांचा दर वाईट असतो. बँकेला करू द्या.

सान इसिद्रोला पलीकडे गेल्या गेल्या लोक सरळ सुसाट निघून जातात, कारण कोणी अडवत नाही. थांबा. डिक्लेरेशनच्या लेनमध्ये जाऊन गाडी लावा आणि इमिग्रेशनच्या ऑफिसात एफएमएम (मेक्सिकोत येण्याचा पर्यटक परवाना) करून घ्या. सात दिवसांपर्यंतचं फुकट असतं. अमेरिकन नागरिक बरेचदा करत नाहीत आणि त्यांचं निभावतं, पण भारतीय पासपोर्टवर तुम्ही त्या देशात कायदेशीर आलात याचा तोच एक पुरावा आहे, पुढे कुठल्या तपासणीत विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

तिथून पाट्या बघा: प्लायास दे तिहुआना, एन्सेनादा कुओता. कुओता म्हणजे टोलचा रस्ता, हायवे १डी, समुद्राच्या कडेने जातो. लिब्रे लिहिलेला फुकटचा, तो गावागावातून जातो, नको. टोलनाके तीन, प्लायास, रोसारितो आणि सान मिगेल. सान मिगेलचा टोल भरला की लगेच हायवे ३ चा फाटा, तेकातेची पाटी दिसेल, तिथे वळलं की व्हॅली. नाक्यापासून थेट गेलात तर दीड ते दोन तास.

पण थेट कशाला जायचं. एन्सेनादा तिथून पंधरा-वीस मिनिटं पुढे आहे आणि माशाचा टाको खायला ती जागा सोडू नये. पीठात बुडवून तळलेला मासा, मक्याची टॉर्टिया, वर कोबी, क्रीम, साल्सा. ला गेर्रेरेन्सेच्या गाडीवर तोस्तादा (कुरकुरीत टॉर्टियावर वाढलेले) मिळतात, समुद्री अर्चिन आणि शिंपल्यांचा घ्या, गाडीवर मांडलेल्या साल्साच्या बाटल्या एकेक थेंब चाखून मग घाला, काही फार तिखट आहेत आणि आपण मराठी म्हणून आपल्याला काही होत नाही या भ्रमात राहू नका. ही सगळी सकाळ-दुपारची कामं, संध्याकाळी ताजं संपलेलं असतं. सवय नसेल तर कच्चे शिंपले आणि आगुआचिले (लिंबू-मिरचीतली कच्ची कोळंबी) पहिल्याच दिवशी नकोत, दोघांपैकी एकाचं पोट बिघडलं की दोघांची ट्रिप संपली.

तिहुआनात जेवायचंच असेल तर अवेनिदा रेवोलुसिओनवर सीझर्स आहे, १९२४ मध्ये सीझर सॅलड केलेल्या सेझार कार्दिनीचं. सॅलड टेबलाशेजारी उभं राहून करून देतात. शाकाहाऱ्यांनी लक्षात घ्या, ड्रेसिंगमध्ये अँकोव्हीचे मासे असतात.

६. शाकाहारी असाल तर हे पाठ करून जा

"मी व्हेज खातो" एवढ्याने भागत नाही. उसळीसारखे दिसणारे फ्रिहोलेस म्हणजे राजमा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत करतात, तिला मान्तेका म्हणतात. गव्हाच्या टॉर्टियातही ती असू शकते. भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून विचारायचं, "येवा मान्तेका?" आणि "येवा काल्दो दे पोयो?" म्हणजे यात चरबी आहे का, चिकनचं पाणी आहे का. मक्याची टॉर्टिया साधारण बिनधोक. नोपालेस म्हणजे निवडुंगाची पानं, भाजलेली, चीज घालून, हमखास मिळतात. साल्सा माचा दिसली तर सोडू नका, तेलात सुक्या मिरच्या आणि दाणे.

मोठ्या रेस्टॉरंटला बुकिंग करतानाच शाकाहारी आहे, अंडं-मासे चालतात की नाही, हे लिहून टाका. टेबलावर बसून सांगितलं तर जे असेल ते मिळतं, आधी कळवलं तर मळ्यातल्या भाज्यांचं खरंच काहीतरी करतात.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. आपण अमेरिकेत खाणं संपायच्या आत बिल टेबलावर बघायला सरावलोय, इथे ते उद्धटपणाचं मानतात. "ला कुएन्ता, पोर फावोर" म्हणा. टिप दहा-पंधरा टक्के.

७. वायनरीत बसल्यावर

एक टेस्टिंग दोघांत घेतलं तर चालतं का हे आधी विचारा, बरेच ठिकाणी चालतं, आणि पहिल्या वायनरीला तेच करा. पोटात काहीतरी असू द्या. मध्ये पाणी प्या, नकोशी वाटली तर ओतून द्यायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात ओतायला लाजू नका, तिथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

काय मागायचं? नेब्बियोलो आणि तेम्प्रानियो इथे जास्त दिसतात. इथली नेब्बियोलो इटलीतल्यापेक्षा गडद आणि जाड असते, इटलीची पिऊन गेलात तर ही वेगळीच वाटेल. दुपारच्या उन्हात मात्र शेनिन ब्लाँक घ्या, शिंपल्यांबरोबर तीच. काही रेड वाईन किंचित खारट लागतात, बाटली खराब नाही, जमिनीखालच्या पाण्यात क्षार आहेत, व्हॅलीत पाण्याची टंचाई कायमचीच. काहीजणांना ती चव आवडते. मला एका ग्लासपुढे नाही.

सावधान: बाटल्या शेवटच्या वायनरीत घ्या, आणि गाडीत उन्हात ठेवू नका. दुपारभर डिकीत तापलेली वाईन घरी येऊन उघडली की चव गेलेली असते.

८. परत येताना

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी गाडीने किंवा चालत येताना माणशी १ लिटर दारू धरायची, वय २१ च्या पुढे. म्हणजे दोघांत २ लिटर, ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एखादी अर्धी बाटली. बाटल्यांचा खोकाच विकत घेऊन बॉर्डरवर हुज्जत घालणारे दरवेळी दिसतात, तिथे ओतून द्यायची वेळ येते. जास्त आवडली तर नाव लिहून घ्या, काही वायनरींची वाईन कॅलिफोर्नियातच मिळते.

फळं, कच्चं मांस, डुकराचे पदार्थ आणू नका. ऑलिव्ह ऑइल, ब्रेड, कडक चीज चालतं, पण खाण्याचं जे काही असेल ते विचारल्यावर सगळं सांगा. सांगितलेलं काढून घेतात एवढंच, लपवलेल्यावर दंड होतो.

लेनचे बोर्ड नाक्याच्या बरेच आधी लागतात, तिथे चुकलात तर मागे येणं नाही. सेंट्रीच्या लेनमध्ये (आधीच तपासणी होऊन कार्ड मिळालेल्यांची लेन) कार्ड नसताना शिरलात तर दंड. रेडी लेनसाठी गाडीतल्या प्रत्येकाकडे चिपचं कार्ड लागतं, ग्रीन कार्ड चालतं, एच-१बी चा स्टॅम्प नाही. एकाकडे ग्रीन कार्ड आणि दुसऱ्याकडे स्टॅम्प असेल तर साधी लेन. गुगल मॅप्स बिनधास्त भलत्या लेनमध्ये नेतं, त्यामुळे शेवटचा अर्धा तास शेजारी बसलेल्याने पाट्या वाचायच्या, फोन नाही.

रांगेत लागायच्या आधी पेट्रोल भरा, बाथरूमला जाऊन या. रांगेत चुरो, टाको, कुत्र्याच्या आकाराचे गल्ले, सगळं खिडकीशी येतं, बाथरूम येत नाही. वाटेत गाडी बंद पडली तर ०७८ वर पर्यटकांसाठी मदत मिळते, इमर्जन्सीला ९११ तिथेही चालतो.

ऑफिसरपुढे काच खाली, गॉगल काढलेला, दोघांचे पासपोर्ट एकत्र हातात. कुठे गेला होता, किती दिवस, काय आणलं, एवढंच विचारतात, बाटल्यांचा आकडा दोघांनी एकच सांगा. घरी पोचलात की त्याच रात्री आय-९४ ची वेबसाइट उघडून दोघांच्या तारखा बघा, नवीन नोंद झाली असेल आणि पासपोर्ट संपत आला असेल तर मुदत कमी पडलेली असू शकते, आणि ते सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.